शेवटच्या केमोचा फोटो आणि ग्रुपवरची शांतता

ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांच्या मैत्रीवर कोणी लिहिलं की एकतर डोळ्यांत पाणी आणायचं नाहीतर टाळ्या घ्यायच्या, अशा दोनच प्रकारच्या पोस्ट वाचायला मिळतात. मी स्वतः पेशंट आहे, आमचा बायकांचा एक ग्रुप आहे, त्या ग्रुपवर माझा जीव आहे आणि त्याच ग्रुपबद्दल माझी एक मोठी तक्रारही आहे. तक्रारीकडे येतेच, पण आधी ही मैत्री नक्की असते काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं आम्ही दिवसभर एकमेकींना धीर देत बसतो. अजिबात नाही हो. बहुतेक वेळ आम्ही अत्यंत फालतू वाटतील अशा गोष्टींवर बोलत असतो.

उदाहरणार्थ नाक. केमोत डोक्यावरचे केस जातात हे सगळ्या जगाला माहितीये, पण नाकातलेही जातात आणि मग नाक नळासारखं गळतं, चारचौघांत, बोलता बोलता, कळतसुद्धा नाही. हे मला कुठल्याच फाइलमध्ये वाचायला मिळालं नव्हतं. केमो देतात त्या डे केअरला माझ्या शेजारच्या खुर्चीत सलाइन लावून बसलेल्या एक काकू होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सर्दी नाहीये ती, घाबरू नकोस, दोन रुमाल ठेवत जा." बास. ओळख नाही, नाव नाही, आणि मला तेव्हा इतकं बरं वाटलं ना की काय सांगू, कारण मी आदल्या रात्रभर इन्फेक्शन झालं की काय म्हणून जागी होते.

असंच बाकीचं. केस गळायच्या एक-दोन दिवस आधी डोकं आतून ठणकायला लागतं, उशीवर टेकवलं तरी दुखतं. डॉक्सोरुबिसिन म्हणजे ते लाल औषध चढवलं की नंतर लघवी लालसर होते आणि ते रक्त नसतं (माहीत नसलेली बाई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडायची). केमोबरोबर जे स्टिरॉइड देतात त्याने रात्री तीनला डोळे टक्क उघडे राहतात आणि डोक्यात घर आवरायचे प्लॅन सुरू होतात. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधावर असताना बोटांची टोकं बधिर होतात, ब्लाउजचं हूक लागत नाही, मोबाइलचं लॉक उघडत नाही, आणि हे "चालायचंच" म्हणून सोडायचं नसतं, डॉक्टरांना दर वेळी सांगायचं असतं. डॉक्टर, सिस्टर यातलं काही सांगत नाहीत असं नाही, सांगतात, पण त्या दिवशी आपल्या कानात दुसरंच काहीतरी वाजत असतं.

आणि ड्रेन. ऑपरेशननंतर काखेच्या बाजूने एक नळी बाहेर काढलेली असते, तिच्या टोकाला प्लास्टिकचा फुगा, त्यात लालसर पाणी जमतं. ते रोज मोजून वहीत लिहायचं, आणि रोजचे एमएल पुरेसे कमी झाल्याशिवाय नळी काढत नाहीत. आता हा फुगा घेऊन माणसाने राहायचं कसं? झोपताना ओढला जातो, उठताना विसरला तर जीव जातो, गाऊनला पिनेने लावला तर गाऊनच एका बाजूला लोंबतो. माझ्या आधी ऑपरेशन झालेल्या एका ताईने जुन्या सुती कापडाची, लांब बंदाची पिशवी शिवून ठेवली होती, गळ्यात अडकवायची, फुगा आत, दोन्ही हात मोकळे. ती मला मिळाली, माझी नळी निघाल्यावर मी धुऊन पुढच्या बाईला दिली, तिने तिच्या पुढच्या. कापड विटलंय, एक बंद बदललाय, पिशवी अजून फिरतेय. मला कोणी विचारलं की तुमच्या मैत्रीत विशेष काय, तर मी ती पिशवी दाखवीन.

घरचे करत नाहीत असं कोणी समजू नका. माझ्या घरच्यांनी जेवढं केलं तेवढं माझ्यावर कर्जच आहे. पण घरच्यांसमोर घाबरायचं म्हणजे आधी त्यांची भीती सावरायची. नवऱ्याला सांगितलं की पाठ दुखतेय तर त्याचा चेहरा बघवत नाही, म्हणून मग सांगतच नाही. आईला तर काहीच सांगायची सोय नाही. ग्रुपवर मात्र "पाठ दुखतेय, डोकं भलतीकडे पळतंय" एवढं टाकलं की कोणीतरी विचारतं, कधीपासून, रात्री झोपल्यावर वाढतं का, पुढची अपॉइंटमेंट कधीये, आधी फोन करून टाक ना. घाबरू नकोस असं सुद्धा म्हणत नाहीत. घाबरणं धरूनच चालतात.

ही गोष्ट काही आजची नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर नावाच्या बाईंचं ऑपरेशन झालं. तेव्हाचं ऑपरेशन म्हणजे रॅडिकल मास्टेक्टॉमी, स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी सगळंच काढायचे. आणि नंतर हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी काय बोलायचं, कोणी काही सांगायचं नाही. बाईंनी स्वतःच शोधलं आणि मग दुसऱ्या बायकांना हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायला लागल्या, पुष्कळ वेळा डॉक्टरांना न विचारता, आणि डॉक्टर चांगलेच चिडायचे म्हणे. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हे पेशंट बायकांनीच पेशंट बायकांना भेटायचं काम उभं राहिलं, १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्यात घेतलं. त्यांच्या भेटायला जाणाऱ्या बायकांना औषधोपचारांबद्दल सल्ला द्यायला मनाई असायची, आणि हा नियम मला आजही शंभर टक्के पटतो.

कारण ग्रुपवर एक वेगळाच त्रास असतो. "मला लेट्रोझोलने सांधे धरले, मी बंद केली, आता मस्त वाटतंय" असं एकीने टाकलं (लेट्रोझोल म्हणजे हार्मोनवरची रोजची गोळी) की दुसरी दुपारी विचारते मी पण बंद करू का. अगं बाई, तुझा रिपोर्ट वेगळा, तिचा वेगळा! एकीचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा म्हणजे हार्मोन पॉझिटिव्ह, एकीचा हर-टू प्रथिनाचा, एकीचा या दोन्हींत न बसणारा ट्रिपल निगेटिव्ह, नाव एकच असलं तरी उपचार तीन तऱ्हेचे. सांधेदुखीवर उपाय असतात, गोळी बदलूनही देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आणि केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर ग्रुपवर "कोणाला अनुभव आहे का" विचारायचं नाही, मध्यरात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करायचा. पांढऱ्या पेशी खाली असतात तेव्हा ताप हे साधं प्रकरण नसतं. पिशवी कशी शिवायची यात मैत्रिणीचं ऐका, डोसात नका ऐकू. अमुक पानाच्या रसाने गाठ विरघळते असले फॉरवर्ड टाकणारीला मी सरळ टोकते, मग मला खडूस म्हणतात, म्हणू देत.

आता अभ्यास काय म्हणतात तेही लिहिते, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी "मैत्रिणींमुळे कॅन्सर पेशंट दुप्पट जगतात" असं पाठवतंच. ते आलंय कुठून तर १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगेल या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात आला होता, आजार शरीरात पसरलेल्या ८६ बायका होत्या त्यात, आणि दर आठवड्याला एकत्र बसून मोकळं बोलणाऱ्या गटातल्या बायका सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या असं दिसलं. जगभर गाजला. मग २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच पण मोठा अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. स्पीगेल यांनी स्वतः परत करून बघितलं, २००७ मध्ये छापलं, सगळ्या बायकांचं मिळून बघितलं तर त्यातही नाही. मात्र कॅनडाच्या अभ्यासात गटातल्या बायकांचं मन जास्त ताळ्यावर होतं आणि दुखणं कमी जाणवत होतं, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांना. २००६ चा अमेरिकेतल्या नर्सेसचा एक अभ्यास आहे, २,८३५ ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायका, त्यात आजाराच्या आधीपासून एकट्या पडलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण एकट्या बाईला हॉस्पिटलला कोण नेणार, औषधाची आठवण कोण करणार, हे सगळं त्यात येतंच की.

मला काय म्हणायचंय, मैत्रिणीमुळे आयुष्य वाढतं असं सिद्ध झालं नाही म्हणून मैत्री कमी होते का? ज्या रात्री माणूस जगतोय ती रात्र थोडी बरी गेली, दुखणं थोडं कमी वाटलं, हे पुरेसं नाहीये का? आणि उलट बाजू बघा. मन खंबीर ठेवलं, मैत्रिणी जमवल्या, हसत राहिलं की आजार हरतो, असं एकदा धरलं की मग जिचा आजार परत येतो ती कुठेतरी कमी पडली असा अर्थ आपोआप निघतो. कोणी तोंडाने बोलत नाही. पण निघतो.

आणि इथेच माझी तक्रार.

आमच्या ग्रुपवर कोणाची शेवटची केमो झाली की तिचा फोटो येतो, टक्कल, हसरा चेहरा, हातात कागदावर काहीतरी लिहिलेलं, आणि खाली नुसता पाऊस, शंभर हार्ट. छान वाटतं, मी पण टाकला होता, मला पण मिळाले. मागे एकदा अशाच एका फोटोच्या थोडं नंतर एका मैत्रिणीने लिहिलं, "पेट स्कॅन झाला. हाडांत आणि लिव्हरमध्ये आलंय." दुपारची वेळ होती, नेहमी त्या वेळेला सगळ्या ऑनलाइन असतात, निळ्या टिका दिसत होत्या. तासभर काही नाही. मग एकीने हात जोडलेली इमोजी टाकली. मग अजून चार जोडलेले हात. मग एकीने चुकून की मुद्दाम देव जाणे, विगचा फोटो टाकून विचारलं कशी दिसतेय, आणि सगळ्या सुटल्यासारख्या त्यावर बोलायला लागल्या.

त्या मैत्रिणीने नंतर ग्रुप सोडला. कोणी जा म्हटलं नाही तिला. ती मला म्हणाली, "मी काही लिहिलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो गं, मी आता तुमची वाईट बातमी झालेय."

मला हे फार लागलं, अजून लागतंय. घाबरणं समजतं मला, नाही समजत असं नाही. आमच्यातल्या प्रत्येकीला माहितीये की उपचार संपले म्हणजे विषय संपला असं नसतं, हार्मोन पॉझिटिव्ह प्रकारात तर दहा-पंधरा वर्षांनीही परत येऊ शकतो. तिच्यात आम्हाला आमचा पुढचा स्कॅन दिसतो. पण म्हणून तिला बाजूला करायचं? मग आम्ही आणि ते नातेवाईक, जे कॅन्सर म्हटल्यावर यायचेच बंद झाले, ज्यांच्यावर आम्ही ग्रुपवर तोंडसुख घेतो, आमच्यात फरक काय राहिला? चौथ्या स्टेजच्या, म्हणजे आजार शरीरात पसरलेल्या बाईला शेवटची केमो नसते, उपचार संपल्याची घंटा वाजवायची नसते, तिचे उपचार चालूच राहतात, एक औषध थकलं की दुसरं. जिला ही सोबत सगळ्यात जास्त वर्षं लागणार तिलाच आपण आधी सोडतो.

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं, नवीन मुली घाबरतात. कालपरवा निदान झालेली पोरगी ग्रुपवर येते आणि तिला लिव्हर, हाडं वाचायला लागतात, ती झोपेल का? मुद्दा खोटा नाहीये. त्यावर आमच्यापैकी काही जणींनी वाद घालून घालून एवढं केलं की पसरलेल्या आजाराच्या बायकांसाठी वेगळा ग्रुप केला, पण जुना सोडायचा नाही अशा अटीवर, आणि त्या सोडून गेलेल्या मैत्रिणीला मी पाठी लागून दोन्हीकडे परत आणलं. जुन्या ग्रुपवर रिपोर्ट टाकायच्या आधी वर एक ओळ लिहायची की स्कॅनबद्दल आहे, जिला झेपत नाही तिने पुढे वाचू नये. एवढंच. आणि अशी बातमी आली तर हात जोडायचे नाहीत, विचारायचं, हॉस्पिटलला कोणाबरोबर जातेयस, आज बोलायचंय की नकोय. काही जणींना हे अजून पटलेलं नाही, त्या अजून नाराज आहेत, असू देत.

ती मैत्रीण आता पाल्बोसिक्लिब ही पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरवरची गोळी घेते, २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी, मग परत. सुट्टीच्या आठवड्यात तिच्या मेसेजेसना ऊत येतो. मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी आली, तिशीची असेल, तिने पहिल्याच दिवशी ग्रुपवर सरळ विचारलं, "तुमच्यात चौथ्या स्टेजचं कोणी आहे का? मला त्यांच्याशी बोलायचंय, बाकी सगळे माझ्याशी खोटं बोलतायत असं वाटतं." आम्ही सगळ्या गप्प. हिने लगेच लिहिलं, "मी आहे. विचार काय विचारायचंय ते. रात्री नऊनंतर फोन केलास तरी चालेल, पण सिरीयल संपल्यावर."

दोघी त्या रात्री दीड तास बोलल्या. काय बोलल्या ते आम्हाला सांगितलं नाही, आम्ही दोनदा विचारलं तरी नाही. त्या पोरीचं आता ऑपरेशन ठरलंय आणि ग्रुपवर सध्या एकच शोध चालू आहे, ती ड्रेनची पिशवी शेवटची गेली कोणाकडे.