मान नाही, छाती धरा

ऑक्टोबरमधल्या व्हेटर्नरी टेक्निशियन सप्ताहानिमित्त तुम्ही प्राण्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या टेक्निशियन मंडळींवर लिहिलंत, फार बरं वाटलं. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या गुंड्याचे (पग, वय 9) डोळे सारखे चिकट आणि लाल व्हायला लागले तेव्हा त्यांची गाठ पडली.

खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून एक मिनिट थांबायचं, अशी अश्रूंची तपासणी असते. निरोगी कुत्र्याची पट्टी 15 मिलिमीटर किंवा जास्त भिजते. गुंड्याची जेमतेम 6. मग डोळ्याचा दाब मोजायची वेळ आली. तो हलू नये म्हणून मी त्याची मान घट्ट आवळून धरली होती. तिथल्या टेक्निशियन मुलीने हळूच माझा हात सोडवला, पट्टाही काढला. मान दाबली की डोळ्यातला दाब खोटाच जास्त दिसतो, छातीला धरा, म्हणाली. डॉक्टर खोलीत यायच्या आधीच हे सगळं झालेलं!

साताऱ्याहून आलेली माझी आई तेव्हा सोबत होती. तिला इंग्रजी येत नाही. डोळ्यात औषध कसं घालायचं ते त्या मुलीने तिला हातानेच दाखवलं: कुत्र्याच्या मागे बसायचं, हनुवटी वर उचलायची, बाटली डोक्यामागून आणायची म्हणजे त्याला दिसत नाही. आधी थेंब, पाच मिनिटांनी मलम. आईकडून दोनदा करून घेतलं, तेव्हाच सोडलं.

आई परत जाईपर्यंत गुंड्याचे थेंब तीच घालत होती. अजूनही फोनवर आधी त्या मुलीची चौकशी करते, मग माझी.