पितळ उघडं पडलं

एकांकिकेत राजाचा प्रवेश होता आणि त्याला साजेसं संगीत द्यायचं होतं. मानधन शाल-श्रीफळ. त्यात खरे ट्रम्पेटवाले कुठून परवडणार? म्हणून लॅपटॉपमध्येच चार ट्रम्पेट आणि तीन ट्रॉम्बोन बसवले, म्हणजे या पितळी वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर, कीबोर्डच्या कळा दाबून वाजवायचे. ही मंडळी चहा मागत नाहीत, तालमीला उशिरा येत नाहीत. फक्त फाटतात.

पहिल्या रात्री राजा आला आणि मास्टरचं, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजाचं, मीटर लालभडक झालं. डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. सातही जण जीव खाऊन फुंकत होते, सगळ्यांची बेरीज छताच्या वर, त्यामुळे लाटेचा माथा सपाट कापला जात होता. मी आधी लिमिटर, म्हणजे आवाज छताखाली दाबून धरणारा पहारेकरी, लावला, गळक्या नळाला फडकं बांधतात तसा. मग अक्कल आली आणि एकेकाला आठ डेसिबल खाली आणलं. दिवा विझला.

आता आवाजात लाह्या फुटायला लागल्या. ही मात्र लॅपटॉपची धाप होती. बफर, म्हणजे आवाज वाजण्याआधी साठवायची टाकी, 128 सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक तुकड्यांचा) होता, तो 512 केला. तडतड थांबली, पण कळ दाबल्यावर सूर जरा विचार करून यायला लागला.

तिसऱ्या रात्री राजा सिंहासनावर बसतो तिथे खरखर. मॉड व्हील, म्हणजे फुंकेचा जोर ठरवणारं कीबोर्डवरचं चाक, 127वर, म्हणजे अगदी टोकाला. तिथे खऱ्या वादकाने फुप्फुसं पणाला लावून फुंकलेला सूर भरलेला असतो. एवढ्या जोरात फुंकलं की हवेची लाट नळीतून जाता जाता जवळजवळ उभी होते आणि आवाजाला ती पितळी धार येते. म्हणजे हा बिघाड नव्हेच, पैसे मोजून घेतलेला माल! तरी व्हील 100वर आणलं. आमचा राजा नाहीतरी काडीपैलवान होता.

आणि तरीही एक फर्रर्र उरलंच. ट्रॉम्बोन खालच्या काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरावर, आले की हमखास. हेडफोनमध्ये नाही, फाइलमध्ये नाही, फक्त स्पीकरवर. स्पीकर रिक्षात घालून दुकानात नेला. तिथे तो गुणी बाळासारखा वाजला. दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी घरी कुणाला सांगितली नाही. घरी आणून लावला, पुन्हा फर्रर्र.

शेवटी तो एकच सूर धरून ठेवला आणि खोलीभर भिंतीला कान लावत फिरलो. कपाटापाशी आवाज वाढला. स्टुलावर चढलो. वर आजीचा पितळी डबा, झाकण सैल, आणि ते झाकण ट्रॉम्बोनच्या सुरात सूर मिसळून थरथरत होतं. बोट ठेवलं, गप्प. बोट उचललं, फर्रर्र. चार रात्री मी लॅपटॉपमधलं खोटं पितळ तपासत होतो आणि खरं पितळ डोक्यावर बसलं होतं.

"आई, हा डबा खाली काढू?"

"अजिबात नाही. त्यात माझी लोकर आहे. आणि काय रे, चार दिवस एकच भोंगा वाजवतोयस, तो बदल की!"

बदलला. अख्खं संगीत काळी पाचवरून पांढरी सहावर आणलं. खऱ्या ट्रम्पेटवाल्याने या अवघड पट्टीसाठी मला शिव्या घातल्या असत्या. लॅपटॉपमधल्यांनी हूं की चूं केलं नाही. डबा आहे तिथेच आहे.