सगळी पावती क्वामेच्या नावावर

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, ड्राफ्टचे (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याचे) दिवस आले की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सार असं: शाळेतून थेट उंच पोरं उचलणं म्हणजे पैसे पाण्यात. बिग मॅन (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) उशिरा पिकतो, त्याला कॉलेजात मुरू द्यावं. क्वामे ब्राऊनने सगळ्यांचे डोळे उघडले, म्हणून तर २००५ मध्ये एनबीएने ते दारच लावून घेतलं. आपल्याकडे त्याला शेवटी, निवडला जाऊनही एनबीएत न रुजलेल्या पंजाबच्या सतनाम सिंगचं शेपूट जोडतात.

वाचताना पटतं. हिशेब मांडायला बसलं की पटेनासं होतं.

आधी क्वामे. २००१ मध्ये वॉशिंग्टनने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. शाळेतून येऊन हा मान मिळवणारा तो पहिलाच. निवड केली तेव्हा संघाचा कारभार बघणाऱ्या मायकेल जॉर्डनने, आणि मग ३८व्या वर्षी जॉर्डन स्वतःच खुर्ची सोडून पुन्हा बूट बांधून मैदानात उतरला. म्हणजे १९ वर्षांच्या पोरासमोर साहेब, सहकारी आणि दैवत एकाच माणसात, रोज सरावाला. सहकाऱ्यांना सुनावताना जॉर्डनने कधी हात आखडता घेतल्याचं ऐकिवात नाही. त्यात पोरगं खचलं, तर दोष त्याच्या उंचीचा की शाळेचा? तरी गडी १२ हंगाम टिकला, ६०० वर सामने खेळला. पहिल्या क्रमांकाच्या मानाने निराशाच, मान्य. शितावरून भाताची परीक्षा करावी, पण शीत आपल्या सोयीचं वेचून नव्हे.

उरलेला भात बघू. १९९५ ते २००५ या काळात शाळेतून थेट येऊन पहिल्या दहात निवडले गेलेले, ६ फूट १० इंच किंवा त्याहून उंच असे नऊ जण: केविन गार्नेट, जोनाथन बेंडर, क्वामे, टायसन चँडलर, एडी करी, डेसागाना डिऑप, अमारे स्टॉडमायर, ड्वाइट हॉवर्ड, अँड्र्यू बायनम. नवांपैकी पाच ऑल-स्टार झाले, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडले गेले. गार्नेट २००४ चा एमव्हीपी (हंगामातला सर्वात मोलाचा खेळाडू), हॉवर्ड सलग तीनदा सर्वोत्तम बचावपटू, स्टॉडमायर २००३ चा सर्वोत्तम नवखा खेळाडू. याला पैसे पाण्यात म्हणायचं असेल तर तसं पाणी कुठल्याही मालकाला चालेल.

मला स्वतःला याहून गंमत वाटते ती विजेत्यांच्या यादीची. २००८ ला बॉस्टनचा सेंटर (बास्केटखालची जागा सांभाळणारा उंच खेळाडू) केंड्रिक पर्किन्स. २००९ आणि २०१० ला लेकर्सचा बायनम. २०११ ला डॅलसचा चँडलर. ओळीने चार वर्षं करंडक उचलणाऱ्या संघाचा सेंटर कॉलेजची पायरी न चढलेला! बॉस्टनने २००७ मध्ये गार्नेटला आणलं, तेव्हा बदल्यात दिलेल्यांमध्ये अल जेफरसन, जेराल्ड ग्रीन आणि सबॅस्टियन टेलफेअर होते. तिघेही थेट शाळेतले.

आता ‘मुरू द्या’चा मुद्दा. बिग मॅनला वेळ लागतो हे खरंच. पण मुरायची बरणी कॉलेजच का? कॉलेजात हंगामातला सराव नियमानेच आठवड्याला २० तासांवर थांबतो, वर अभ्यास वेगळा. लेकर्सने १७ वर्षांच्या बायनमला घेतलं आणि शिकवायला जुना दिग्गज सेंटर करीम अब्दुल-जब्बारला आणून बसवलं. जानेवारी २००६ मध्ये मायामीविरुद्ध त्यांचा दिग्गज सेंटर शॅक याने बायनमच्या डोक्यावरून डंक मारला, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये ठोकला. पोरगं उठलं, पुढच्याच चालीत शॅकला पाठीवर घेऊन गर्रकन वळलं आणि त्याच्याच तोंडावर डंक ठोकून आलं. परतताना दोघांत ढकलाढकली, दोघांनाही गैरवर्तनाचा टेक्निकल फाउल. बायनम तेव्हा १८ वर्षांचा होता. असा धडा कुठल्या कॉलेजात मिळतो? जर्मेन ओनीलचंही तेच. पोर्टलंडच्या बाकावर चार वर्षं बसला, २००० मध्ये इंडियानाला गेला आणि तिथे सहा वेळा ऑल-स्टार झाला. मुरला बाकावरच.

आणि कॉलेजात मुरलेले काय सगळे गोडच निघाले? १९९८ चा पहिला क्रमांक मायकेल ओलोवोकांडी. २००९ चा दुसरा क्रमांक हाशीम थबीट, तीन वर्षं कनेटिकटला खेळून आलेला; त्याच्या पाठोपाठ तिसऱ्यावर जेम्स हार्डन, सातव्यावर स्टेफ करी. त्यांची पावती कॉलेजच्या नावावर कुणी फाडत नाही.

‘म्हणून दार लावलं’ हे तर उलटंच. २००४ च्या पहिल्या फेरीत शाळेतली आठ पोरं गेली, तीही पहिल्या १९ निवडींत. संघांचे डोळे उघडले असते तर आकडा घटला असता. ड्राफ्टसाठी किमान १९ वर्षांची अट लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या करारातून आली. कमिशनर डेव्हिड स्टर्न तर २० मागत होते. पोराला आणखी एक वर्ष फुकटात पारखून घ्यायला मिळणं संघांच्याही पथ्यावर पडलं.

सतनामबद्दल थोडक्यात: तो २०१५ मध्ये ५२वा निवडला गेला, एकूण निवडी ६०. त्या क्रमांकावरून कुठलंही पोरगं, कॉलेजातलं असो वा पंजाबातलं, एनबीएत रुजलं तर नवल.

एक गोष्ट मात्र त्या मजकुरात असायला हवी होती, ती नाही. १९९९ मध्ये २९व्या क्रमांकावर लिऑन स्मिथ निवडला गेला. बालगृहात वाढलेला, मागे घर नाही, आणि संघाकडेही अशा मुलाला सांभाळायची व्यवस्था नव्हती. काही महिन्यांतच तो मनाने पुरता कोलमडला. थेट शाळेतून घेण्यावरचा खरा आक्षेप हा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त तो बास्केटबॉलबद्दलचा आक्षेप नाही.

दार लागण्याआधी आत शिरलेला शेवटचा शाळकरी पोरगा म्हणजे अमिर जॉन्सन: २००५, डेट्रॉइट, ५६वा क्रमांक, बिग मॅनच. पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याला मोजकेच सामने आले. एनबीएत तो २०१९ पर्यंत खेळत होता.