भागून न बघताही संख्या मूळ ठरते

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: ‘चार कोटी अंकांच्या संख्येला कुणी भागून पाहिलेलंच नाही, मग ती मूळ आहे असं ठामपणे कसं लिहिता? फार तर बहुधा मूळ म्हणा.’ आक्षेप रास्त आहे. मी लेखात निकाल सांगितला, तो कसा लागला हे सांगायचं राहिलं.

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. एकेका संख्येने भागत ती तपासणं कुणालाही शक्य नाही, इथवर तुमचं बरोबर. पण तिची घडण खास आहे. २ च्या घातातून १ वजा केलेल्या अशा मर्सेन संख्यांसाठी ल्यूका-लेमर कसोटी आहे, आणि तिच्यात भाजक शोधावे लागतच नाहीत.

वही घ्या. घातांक ७, म्हणजे संख्या १२७. सुरुवात ४ ने. दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ६७. ६७ वरून ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२,३१९, आणि हे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य! घातांक विषम मूळ संख्या असेल, तर घातांकाहून दोनने कमी पायऱ्या करायच्या, इथे पाच. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर संयुक्त. हा अंदाज नाही, दोन्ही बाजूंनी सिद्ध झालेलं प्रमेय आहे. घातांक ११ घ्या: २०४७ साठी नवव्या पायरीला बाकी १७३६ उरते, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९.

१८७६ साली फ्रेंच गणिती ल्यूकाने २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं, तेव्हा तिचा एकही अवयव कुणाला माहीत नव्हता. १९०३ मध्ये अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ल्यूकाचा निकाल सत्तावीस वर्षं आधीच लागला होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

‘बहुधा’ हा तुमचा शब्द एका टप्प्यावर मात्र चपखल बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली चार कोटी अंकी संख्या शोधणारे ल्यूक ड्युरांट यांच्या यंत्रणेवर तिची आधी फर्मा या गणितीच्या प्रमेयाच्या धर्तीची चाचणी झाली. ती ‘मूळ असण्याची दाट शक्यता’ एवढंच सांगते. त्यानंतर ल्यूका-लेमर कसोटी वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी चालवली गेली. शंका प्रमेयाची नव्हती; कोट्यवधी वर्ग करताना यंत्राचा एखादा बिट चुकू शकतो, त्याची होती. सगळीकडे शेवटी शून्यच आलं.

१२७ ची आकडेमोड आता लेखात घातली आहे. ‘मूळ’ हा शब्द तसाच ठेवला आहे.