खालच्याची धग, वरच्याला चटका

परभणीतला मे. बाहेर ४४ अंश, आणि माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये दोन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं. एकेक कार्ड ३५० वॅट खाणारं, तीन स्लॉट (कार्ड खोचायच्या खाचा) अडवेल इतकं जाड. दोन्ही बसवली की मधे बोटभर फट उरत नाही. खालचं गरम हवा ओकतं, वरचं बिचारं तीच गिळतं. ८३ अंशांला टेकलं की क्लॉक (कार्डाचा कामाचा वेग) उतरायला लागतो, म्हणजे दुसऱ्या कार्डाचे पैसे पाण्यात! दुकानदार म्हणतो, "दादा, अजून एक फॅन टाका." अरे, खोलीतलीच तापलेली हवा फिरवणार ना तो? मागून हवा बाहेर फेकणारं ब्लोअरवालं कार्ड मागितलं तर नुसता तोंडाकडं बघतो. शेवटी झाकण काढून समोर कूलर लावला. आई म्हणते, "लेकरं घामानं भिजली अन् डब्याला वारं!" कूलरची ओल आत जाईल ही धास्ती वेगळीच. आणि रेंडर (कार्डाकडून चित्र-व्हिडिओ तयार करून घ्यायचं काम) ९० टक्क्यांवर आलं की लाइट जातेच.