‘बॉक्स आहे की पापड?’ – कुडाळच्या ताईंच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार दिलात. आमच्याकडून पुठ्ठ्याचे २०० बॉक्स घेतले, कोकम सरबताच्या बाटल्या भरून थप्पी लावली, महिन्याभरात खालचे बॉक्स बसले, थप्पी कलली आणि ४० बाटल्या फुटल्या, असं लिहिलंत. वर विचारलंत, ‘बॉक्स आहे की पापड? मागच्या खेपेपेक्षा हलका कागद लावून फसवलंय, आणि फोन पण उचलत नाहीत.’ वाचून आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग तुमचे तिन्ही फोटो मोठे करून बघितले आणि राग जरा उतरला. म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

फोनचं आधी सांगतो. काउंटरचा मोबाइल बिघडला होता आणि दुसरा नंबर बोर्डावर नव्हता. चूक आमची. आता लिहिलाय.

हलक्या कागदाचं मात्र मला मान्य नाही. दोन्ही खेपांना तोच कागद होता, १५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम), १८ बीएफ (कागद दाबाखाली फाटायला किती दम काढतो त्याचा आकडा), थ्री प्लाय, म्हणजे तीन कागदांचा पुठ्ठा. दर लॉटमधला एक बॉक्स आम्ही माळ्यावर ठेवतो. ते दोन्ही खाली काढून वजन केलं, फरक नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. फुटक्या बॉक्सचा एक बरा भाग उन्हात किंवा चुलीजवळ चांगला वाळवा, १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५ ग्रॅमच्या आसपास भरेल. त्याला १०० नं गुणलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं, म्हणजे ५०० ग्रॅम. बाहेरचा आणि आतला कागद मिळून ३००. मधला पन्हळीचा कागदही १५०चाच, पण नागमोडी असल्यामुळे तेवढ्याच लांबीत तो तिसरा हिस्सा जास्त लागतो, म्हणून त्याचे २००. तुकडा ४ ग्रॅम भरला तर इथंच लिहा, सगळ्या खेपेचे पैसे परत करतो.

मग तोच बॉक्स मागच्या वेळी टिकला आणि या वेळी का बसला? मागची खेप डिसेंबरची होती आणि ५० बॉक्सची. ही जूनची.

तुमचा ‘पापड’ शब्द मला लागला, पण तो चुकीचा नाही. पापड सादळतो तसा पुठ्ठाही सादळतो. हाताला ओला लागत नाही, दिसायला तसाच असतो, पण हवेतला दमटपणा ओढून आतून नरम पडतो. कोरड्या हवेत १०० किलो दाब सोसणारा बॉक्स ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत ५० च्या आसपास येतो. त्यात भार एक दिवसाचा नाही, महिन्याभराचा. पहिल्या दिवशी ताठ उभा राहिलेला बॉक्स त्याच ओझ्याखाली आठवड्या-आठवड्यानं दमत जातो. म्हणून या धंद्यात प्रत्यक्ष भाराच्या चौपट-पाचपट ताकद धरायची रीत आहे.

आता तुमचा हिशोब करू. ७५० मिलीची काचेची भरलेली बाटली साधारण १.४ किलो. १२ बाटल्यांचा बॉक्स झाला १७ किलोच्या घरात. फोटोत आठ थर दिसतात, म्हणजे सगळ्यात खालच्या बॉक्सवर सात बॉक्सचं ओझं, ११९ किलो. त्याची चौपट पावणेपाचशे किलो. आमचा हा थ्री प्लाय तेवढं ओझं पेलणाराच नाही. तो बिस्किटाला, कपड्याला, फार तर दोन-तीन थरांना ठीक.

दुसरा फोटो बघा. थप्पी विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून लावलीय. भिंतीला ते बरोबर, बॉक्सला नाही. बॉक्सची खरी ताकद चार उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर भार सरळ खाली उतरतो. सांधेमोड केली की वरचा कोपरा खालच्या बॉक्सच्या मधल्या भागावर येतो, आणि तिथं पुठ्ठा पोटात जातो. थप्पी घसरू नये म्हणून तुमच्या माणसांनी चांगल्या मनानंच तसं लावलं असणार. आमच्याकडे नवीन आलेला हमालही हेच करतो. एक रांग सरळ लावा आणि वरच्या थरांना दोरी बांधा. आणि थप्पी थेट फरशीवर, भिंतीला टेकवून आहे. पहिल्या बॉक्सच्या खालच्या दोन बोटांवर ओलीची काळी रेघ दिसते. खाली लाकडी फळ्या हव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सगळं माझ्यावरच ढकलताय. नाही. आता आमचं.

तुम्ही काउंटरवर आलात तेव्हा आमच्या पोरानं एकच प्रश्न विचारला, ‘साइज काय?’ तुम्ही साइज सांगितली, त्यातल्या त्यात स्वस्त मागितला, त्यानं तयार मालातला जवळचा बॉक्स काढून दिला. आत काय भरणार, किती थर लावणार, माल कुठं राहणार, यातलं काहीच विचारलं नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीचं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचा ओतीव माल असता तर त्यानं न विचारता सेव्हन प्लाय दाखवला असता, कारण तिथं वजन डोळ्यांना दिसतं. चपलेचा छपाईचा बॉक्स म्हटलं की बारीक पन्हळीचा, हेही त्याला पाठ आहे. सरबत म्हटल्यावर तो हलक्या मालात धरून बसला. आणि जवळचा म्हणून दिलेला बॉक्स तुमच्या बाटलीपेक्षा ५ सेंटिमीटर उंच होता. ती जागा तुम्ही रद्दीच्या बोळ्यांनी भरलीत. बॉक्स बाटलीच्या उंचीला बेताचा असता तर थोडा भार बाटल्यांनीही घेतला असता. वर पोकळी राहिली म्हणून सगळा भार पुठ्ठ्याच्या भिंतींवर आला. आत पार्टिशनही नव्हतं, त्यामुळे थप्पी कलल्यावर बाटलीवर बाटली आपटली.

तिसऱ्या फोटोनं तर मला गप्पच केलं. जोडाची पट्टी उघडलेला बॉक्स आहे ना, त्याचा जोड शिवणाऱ्या तारेच्या पिना मी मोजल्या. दर दोन इंचाला एक पिन हा आमच्याकडचा नियम. तिथं चार-चार इंचांवर आहेत. कुणीतरी शिलाई घाईत उरकली. कागद हलका नव्हता, पण काम हलकं होतं. माळ्यावरच्या नमुन्यात पिना बरोबर निघाल्या, म्हणजे मधल्याच कुठल्या गठ्ठ्यात गडबड झाली. उरलेले न वापरलेले बॉक्स तपासून घ्या, तसे निघाले तर बाजूला काढा.

आता काय करतो ते सांगतो. २०० बॉक्स बदलून देतो, वरचे पैसे न घेता, फाइव्ह प्लायमध्ये. एक पन्हळ जाड, एक बारीक. उंची तुमच्या बाटलीच्या मापाची, आत १२ घरांचं पार्टिशन. फुटलेल्या बाटल्यांपैकी निम्म्यांचे पैसे देईन, सगळ्यांचे नाही. फरशीची ओल आणि आठ थर माझ्या हातात नव्हते. पुढच्या खेपेपासून मात्र फाइव्ह प्लायचा भाव लागेल आणि तो थ्री प्लायपेक्षा चांगलाच जास्त आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि फाइव्ह प्लाय आहे म्हणून पावसाळ्यात आठ थर लावू नका. पाचावर थांबा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघू.

काउंटरवर आता चार प्रश्नांचा कागद चिकटवलाय: माल काय, वजन किती, थर किती, किती दिवस आणि कुठं ठेवणार. पोरगं कुरकुरतंय, गिऱ्हाईक कंटाळतं म्हणतं.

तुमची एक रिकामी बाटली बूच लावून कुणाबरोबर तरी पाठवा, म्हणजे उंची आणि घेर नेमका घेता येईल. माप मिळाल्यापासून आठ दिवसांत माल तयार करतो. आमचा टेम्पो गगनबावड्यावरून खाली येतो, पाऊस फार असला तर घाट बघून निघेल. बॉक्स उतरवताना एक फोडून पिना मोजा आणि मगच चलनावर सही करा.