तळपाय काळे झाले म्हणजे उष्णता निघाली का?

सध्या तालुक्याच्या कुठल्याही प्रदर्शनात जा, काशाच्या थाळीचं मसाज मशीन हमखास दिसतं. थाळीवर तेल टाकायचं, तळपाय टेकवायचे, बटन दाबायचं. थोड्याच वेळात तळवे काळेठिक्कर! मशीनवाला लगेच म्हणतो, "पाहा काकाजी, कशी उष्णता बाहेर येऊन राहिली!" काकाजी खूश. मग काकूही बसतात.

माझं काशाच्या वाटीशी काहीच भांडण नाही. उन्हाळ्यात अंगणात खाटा पडल्या की आजी तळव्याला तूप लावून वाटी फिरवायची. टाचेकडून बोटांकडे, मधल्या खळग्यात गोल गोल. वाटी जड, गुळगुळीत, गार. दिवसभर पऱ्हाट्या उपटून आलेल्या माणसाला त्यावर जी झोप लागते ती शंभर टक्के खरी.

पण तो काळा रंग शरीरातून येत नाही, बापा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22. घासताना धातूचे बारीक कण सुटतात, तेला-तुपातली आम्लं आणि घाम त्यांच्यावर काम करतात आणि काळा थर बसतो. पितळेचा गुंड चिंचेनं घासला की चिंधी काळी होतेच ना? चिंधीले कोणती उष्णता झाली होती?

यात हसण्यासारखं फार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. माणूस शेतातून येतो, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, आणि घरचे वाटी शोधत बसतात. तो उष्माघात असू शकतो. त्यात ताप 40 अंशांच्या वर जातो आणि जीवही जातो. अशा वेळी सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि गाडी काढा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

दुसरी गोष्ट शुगरची. जुनी शुगर असली की तळव्याची जाणीव कमी होते. थाळी घासते आहे की सोलते आहे, हे कळतच नाही. त्यात आपल्या शेतकऱ्यांच्या टाचा भेगाळलेल्या. भेगेत जखम झाली की ती लवकर भरत नाही, चिघळली तर बोट कापायची पाळी येते. पिंढरी एकाच पायाची सुजली, दुखते, गरम लागते, तर तिथं चोळणंच धोक्याचं, कारण आत रक्ताची गाठ असू शकते.

मशीन बंद करा असं माझं म्हणणं नाही. पाय मोकळे होतात म्हणून खुशाल पैसे घ्या. फक्त थाळीवर पाय ठेवायच्या आधी विचारत जा: काकाजी, शुगर आहे का? पायाले मुंग्या येते का?